माईला उकळतेस?

परवा दुपारी पाण्याच्या मशीनचा फिल्टर बदलायला मुलगा आला. त्यानं आधी नळाखाली ग्लास धरला, खिशातून पेनासारखं काहीतरी काढून त्यात बुडवलं. २१०. मग मशीनच्या पाण्यात. ३५. "भिया, नर्मदा के पानी में आरओ की जरूरत ही क्या है," असं म्हणाला आणि फिल्टरचे पैसे घेऊन गेला.

खरंय त्याचं. टीडीएस, म्हणजे त्या पेनानं दाखवलेला आकडा, ५००च्या आत असला की पाणी तेवढ्यापुरतं मानकात बसतं. पण तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा. जंतू त्यात मोजत नाहीत, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

१९७८ साली नर्मदा, म्हणजे नदीकाठच्या जलूदहून नळानं आणलेलं तिचं पाणी, इंदूरला आली तेव्हा मी पाचवीत होतो. तोवर आमच्या रामबागेतल्या घरात आई पावसाळ्यात बादलीभर गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसला की वरचं निवळलेलं काढून उकळायची. नर्मदा आली तशी आजीनं पहिल्या तांब्याला हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी आईनं सवयीनं स्टोव्हवर पातेलं चढवलं, तर आजी कडाडली, "अगं, माईला उकळतेस?"

आई शांतपणे पंप मारत राहिली. "जलूदपासून सत्तर किलोमीटर घाट चढून आली आहे ती, आई. दमल्या माणसाला ऊन पाणीच देतात."

तेव्हापासून घरात दोन पाणी झाली. आजीची तांब्याची कळशी, तोंडाला जुन्या लुगड्याचं चौपदरी फडकं. आणि आईचं पातेलं, तळाला पांढरी खर धरलेलं. उकळलेलं पाणी बेचव लागतं, त्यातली हवा निघून जाते ना. म्हणून आई ते उंचावरून या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. उन्हाळ्यात ते रात्रीपर्यंत निवायचं नाही. आम्ही पोरं आजीच्या कळशीतलं चोरून प्यायचो. कधीकधी आईच्या पाण्याला आदल्या दिवशीच्या आमटीचा वास यायचा, तेव्हा तर उघडउघड.

पुढे कधीतरी वाचलं, बांगलादेशात जुन्या साडीचं कापड चौपदरी करून पाणी गाळायला लावलं, तर कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. २००३ सालची गोष्ट. आजी तोवर नव्वदी ओलांडून गेली होती, नाहीतर आईला ऐकवायची तिला मोठी हौस. आईचं उत्तर ठरलेलं असतं: निम्मा आला, म्हणजे निम्मा राहिलाच की.

आता मशीनचं पाणी. एक ग्लास प्यायचं निघतं तोवर दोनतीन ग्लास पलीकडच्या नळीतून वाहून जातं. विंध्य चढवून आणलेली माई, आणि मोरीत! बायको ते बादलीत धरते, त्यानं लाद्या पुसते. लाद्यांवर पांढरे डाग पडतात ते मी पुसतो.

तो मुलगा गेल्यावर २१०वाला ग्लास ओट्यावर तसाच होता. ओतून द्यायचं जिवावर आलं. प्यायलो. बरं होतं, किंचित लोखंडी. ते पेन त्यानं सकाळपासून कुठेकुठे बुडवलं असेल, हे ग्लास खाली ठेवल्यावर सुचलं.