दिवस पहिला : शेरणी आधीच वाटली होती

यंदाच्या वहीतली पहिली नोंद. मासे एक, तोही मामांचा. माझ्या नावावर भोपळा.

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार हा आमचा मुहूर्त. मृगाच्या पावसात चढणीचे मासे धरायला लोक रात्री बॅटऱ्या घेऊन ओढ्यात उतरतात, तेव्हा आमचे गळ डब्यात असतात. पोटात गाभोळी घेऊन वर निघालेला मासा वाटेत उचलायचा आणि मग हिवाळ्यात नदीत मासाच राहिला नाही म्हणून बोंब मारायची, हे काय मला पटत नाही. पुढं मरळीची लालसर पिल्लं पाण्यावर थव्यानं दिसतात, आईबाप खाली राखण करत असतात. तेव्हाही गळाचा रबरी बेडूक टाकायचा नाही. हिमाचलात ट्राउट थंडीत अंडी घालतो, म्हणून तिथं १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी आणि मार्चात हंगाम. आपल्या रोहू-कटल्याचं सगळं पावसावर, म्हणून आमची बंदी पावसाळाभर. घरचीच बंदी, पण पाळतो.

शनिवारी रात्री तयारी जोरात. शेंगपेंड भाजून कुटली, कणकेत मळली आणि गोळा गळावरून सुटू नये म्हणून त्यात कापूस पिंजून घातला. सात फुटी रॉड पुसला, रिळावर नवी वेणीची दोरी भरली. मेव्हण्यानं तर गल्लीत पेढेही वाटले. मासा धरायच्या आधी शेरणी, हे तिथंच चुकलं असं मामांचं म्हणणं.

पहाटे साडेपाचला ओम्नी कोल्हापुरातल्या फुलेवाडीवरून बालिंग्याला. पुलाच्या वरच्या अंगाला भोगावती नदीच्या वळणात आमची जुनी जागा आहे. आभाळ स्वच्छ, चांदण्या दिसत होत्या. मी खूश. मामांनी बॅटरी पाण्यावर मारली आणि म्हणाले, "पाण्याचा चहा झालाय की रं."

आमच्याकडं थेंब नव्हता, पण वर राधानगरीकडं रात्रभर कोसळला होता. पावसाळा संपताना धरण काठोकाठ असतं, त्यामुळं दरवाजे उघडायला परतीच्या पावसाचा एक दणकाही पुरतो. शाहू महाराजांच्या या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडतात, बटण दाबायला कुणी लागत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक सुटतं आणि ते सगळं भोगावतीतून आमच्या वळणावर येतं. बंधाऱ्यांना अजून बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले नाहीत, म्हणजे पाणी थांबून निवळायचीही सोय नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी शनिवारी पेंड भाजताना धरणाची बातमी बघायची सुचली नाही, याला काय म्हणायचं!

कडेला काठी रोवली. तासाभरात पाणी चार बोटं वर.

मी हट्टानं रबरी बेडूक फेकत बसलो. संथ पाण्यात मरळ हवा घ्यायला वर येते, बुडबुडा दिसतो, त्याच्या पुढं बेडूक टाकायचा, एवढं साधं गणित. पण वाहत्या गढूळ पाण्यात ती वर आली तरी दिसत नाही, आणि माझा बेडूक तिला दिसत नाही. दोन्हीकडून आंधळी कोशिंबीर. चाळीस-पन्नास फेकी झाल्या, हाताला लागली ती वाहून आलेली जलपर्णी. मेव्हण्याच्या पेंडीचा गोळा तर धारेत मिनिटभरही टिकेना, कापूस घालूनसुद्धा.

मामा मात्र रॉड न काढता हातदोरी घेऊन बसले. गळाला गांडूळ, वर जरा जड शिसं, आणि टाकली कुठं? काठापासून हातभर अंतरावर, नुकत्याच बुडालेल्या गवतात. मी म्हटलं, "मामा, तुम्ही तिथं काय टाकताय, गुडघाभर पाणी नाही."

"पाणी चढाय लागलं की मासा धारंत कशाला थांबतोय? गवातातली गांडुळं सुटत्यात, खायला कडंलाच येणार. तू मधी काय फेकायलाईस?"

दहा मिनिटांत दोरी ताठ. वीतभर शिंगटा. काटा लागू नये म्हणून मामांनी फडक्यात धरला, गळ काढला आणि सोडून दिला. फोटो काढायला मोबाईल शोधतोय तोवर गेलासुद्धा.

साडेआठच्या सुमारास पूर्वेकडून गडगडायला लागलं. पावसाळ्यात ढग गगनबावड्याकडून येतात, हे उलट्या बाजूनं वळवासारखे. सकाळी सकाळीच, हे जरा अतीच. बांधापलीकडच्या शेतकऱ्यानं हाक मारली. कापलेल्या सोयाबीनचा ढीग उघड्यावर होता आणि ताडपत्री धरायला माणूस नव्हतं. आम्ही तिघं गेलो, चार कोपरे धरले, दगड ठेवले. तेवढ्यात टपोरे थेंब. खालच्या पट्ट्यातली कापणी तशीच राहिली होती, त्यावर कुणीच काही बोललं नाही.

मग धावत ओम्नीत. रॉड मी काठावरच आडवे टाकून आलो. कार्बनचा रॉड वीज वाहतो, गडगडाटात तो हातात उभा धरून चालणं म्हणजे मरणाला हाक मारणं. झाडाखालीही थांबायचं नाही. नवीन पोरांना हे ओरडून सांगावं लागतं. गाडीच्या काचा वर करून तासभर बसलो, शेतकऱ्यानं दिलेल्या ओल्या शेंगा खाल्ल्या आणि मेव्हण्याच्या पेढ्यांवर बोलत राहिलो. पाऊस थांबला तेव्हा माझी काठी बुडाली होती.

रीळ उघडून वाळवलंय, दोरी सैल करून टांगलीय. वर पाऊस नाही झाला आणि दरवाजे मिटले, तर तीन-चार दिवसांत पाण्याचा रंग उतरतो. बुधवारी कामावर जाताना पुलावरून वाकून बघणार आहे. पुढच्या खेपेला गांडुळं नेणार, बेडूक डब्यात.

उरलेला पेंडीचा गोळा फ्रीजमध्ये आहे. बायकोला वाटतंय चटणी आहे.