दोनशे व्होल्ट असूनही गाडी जागची हलेना

माझी गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. ती तीन आठवडे उभी होती. परत आलो तर चावी खिशात असूनही दार उघडेना. चावीत दडवलेली पाती काढून उघडलं, बटण दाबलं. पडद्यावर ब्रेक, लाल त्रिकोण, हायब्रिड सिस्टिम असे सगळे इशारे एकदम पेटले आणि विझले. आतून नुसती टकटक. गाडी निघायला तयार असल्याचा ‘रेडी’चा दिवा काही लागेना.

पोटात गोळाच आला. मोटर चालवणारी मोठी बॅटरी गेली म्हणजे 28 मॉड्यूल (बॅटरीचे सुटे भाग), 201.6 व्होल्ट, आणि खिशाला भगदाड. फोनवर एका मेकॅनिकनेही गाडी न बघताच तेच सांगून टाकलं. मेव्हण्याला सांगितलं तर तो म्हणाला, “आधी बारा व्होल्टची मोज, मग रड.”

तोवर त्या छोट्या, बारा व्होल्टच्या बॅटरीला मी हिशेबातच धरलं नव्हतं. इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीवर चालणाऱ्या मोटरचं, तिथे छोटीचा संबंध नाही. पण गाडीतले संगणक जागे होतात ते छोटीवर, आणि मोठी बॅटरी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विचही तीच ओढते. ती झोपली की दोनशे व्होल्ट आहेत तिथेच अडकून पडतात.

आता बॅटरी डिकीत, आणि डिकीचं कुलूप विजेवर चालणारं! मॅन्युअल चाळल्यावर कळलं, बोनेटखाली फ्यूज बॉक्समध्ये लाल झाकणाखाली प्लसचं टोक दिलेलं असतं. तिथे मल्टिमीटर लावला: 10.9. भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते.

दुसरी बॅटरी आणली. प्लसला प्लस, मायनस मात्र रंग नसलेल्या उघड्या धातूला. हे तीनदा तपासलं, कारण केबल उलटी लागली तर फ्यूजवरच भागेल याची खात्री नसते. नारिंगी केबलींच्या वाटेला गेलो नाही, त्या हाय व्होल्टेजच्या. ब्रेक दाबून बटण दाबलं, ‘रेडी’ लागलं, मीटर 14.1 वर. म्हणजे मोठी बॅटरी व्होल्टेज उतरवणाऱ्या कन्व्हर्टरमधून छोटीला चार्ज करत होती. साध्या गाडीत इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर या गाडीत नसतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 11.8. सात वर्षांची झाली होती बिचारी, बदलली. डिकीतल्या बॅटरीला वायू बाहेर सोडणारी बारीक नळी असते. ती लावायला मी विसरलो आणि सगळं परत उघडावं लागलं.

त्या खटाटोपात मागच्या सीटजवळची जाळी दिसली. मोठ्या बॅटरीचा पंखा तिथूनच हवा ओढतो, आणि त्यावर कुत्र्याच्या केसांची गोधडी! उन्हाळ्यात मागून घरघर यायची ती मी एसीची समजत होतो. व्हॅक्यूमने साफ केल्यावर घरघर थांबली. उष्णता या बॅटरीची वैरी, हे वाचलेलं होतं; जाळी कुठे असते ते मात्र बघितलं नव्हतं.

ब्रेकही पहिल्या दिवशी खरखरले. गाडीचा वेग बराचसा मोटरच कमी करते, त्यामुळे पॅड कमी झिजतात, पण उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज बसतो. दोन-चारदा दाबल्यावर गेला.

आता गाडी उभी राहणार असली की आठवड्यातून तासभर ‘रेडी’त ठेवतो. पूर्वी ‘रेडी’ न करता नुसतं ‘ॲक्सेसरी’वर ठेवून गाणी ऐकायचो आणि समजायचो, चार्ज होतेय. होत होती रिकामी.