थंडीत महाबळेश्वरकडं जुना बॉबकॅट नेताय? आधी हीटर तपासा, मग गाडी ठरवा

सांगलीतून बॉबकॅट, म्हणजे पुढं बकेट असलेला छोटा लोडर, ट्रकवर घालून निघताना जो तो एकच सांगत होता, पसरणी घाट बघ, वळणं बघ, लोड मागं सरकंल. घाटाचं काही झालं नाही. लोडर साखळ्यांनी नीट बांधला असेल तर आयशर खालच्या गिअरमध्ये आरामात चढते. वाट लागली ती वर, भिलारला, सकाळी, लोडर अजून गाडीवरच असताना, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं म्हणून हे लिहितोय.

लोडर जुना, चार सिलिंडर, हीटर प्लगचं (थंडीत चालू करताना सिलिंडर आतून तापवणारे, प्रत्येकाला एक) डिझेल इंजिन. सांगलीत सकाळी दोन-तीन सेलला चालू व्हायचा त्यामुळं शंका आलीच नाही. वर रात्री उशिरा पोचलो, उतरवायचं सकाळवर ठेवलं. सकाळी ८ डिग्री. सेल मारला तर इंजिन जडजड फिरतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर, बस्स. आणि हा काय ट्रॅक्टर नाही की धक्का मारून किंवा ओढून चालू करता येईल, चाकं हायड्रोलिक मोटरवर असतात, इंजिन बंद म्हणजे चाकं जाम. त्यामुळं लोडर खाली पण येईना आणि गाडीवाल्याचं हॉल्टिंगचं (गाडी थांबवून ठेवल्याच्या भाड्याचं) मीटर चालू.

खालून मेकॅनिक बोलावला. त्यानं बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, डिझेल गोठलंय, पंप पण गेलाय, उतरवावा लागंल, ३५,००० धरा. अडलेल्या माणसाला असं कापतात बघा. त्याला येण्याजाण्याचे पैसे देऊन परत पाठवला.

डिझेलचं म्हणाल तर आपल्याकडच्या मानकानुसार थंडीतलं डिझेल ६ डिग्रीपर्यंत फिल्टरमधून जायला पाहिजे, उन्हाळ्यातल्या डिझेलला हीच मर्यादा १८ आहे. म्हणजे टाकीत मे महिन्याचं डिझेल पडून असेल तर वर खरंच त्रास होऊ शकतो, म्हणून डिसेंबरमध्ये जाताना ताजं भरूनच जा. वेण्णा लेकला दव गोठतं तसल्या पहाटे तर जास्तच जपा. तपासायला काचेच्या बाटलीत थोडं काढा, गढूळ, मेणचट दिसलं तर दोष डिझेलचा, स्वच्छ दिसलं तर दुसरीकडं बघा. आमचं स्वच्छ होतं. रॉकेल मिसळायचा सल्ला कुणीतरी देणारच, ऐकू नका, पंपाचं वंगण जातं.

आणि पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, फक्त जळत नाही. मग पंप कशाला उतरवायचा? धूरच येत नसता तर गोष्ट वेगळी, तेव्हा फिल्टर, पंपाचा सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह), टाकीकडून येणाऱ्या पाइपमधून एअर धरतेय का, हे बघायचं.

आम्ही आधी जंपर केबल बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिन ब्लॉकला लावली. सेल लगेच दुप्पट जोरात फिरला! अर्थिंगची जाळीची पट्टी वरून चकाचक होती, बोल्ट काढला तर खाली हिरवी भुकटी. पॉलिश पेपरनं घासून परत आवळली. केबल लावूनही सेल मंदच राहिला आणि सेल मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली गेली तर मात्र बॅटरीवर संशय घ्या.

मग हीटर. सगळ्या हीटरना जोडणारी वरची पट्टी काढायची, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं एकेका हीटरच्या टोकाला. लॅम्प लागला तर हीटर जिवंत. चारपैकी एकच लागला. नवीन घ्यायला साताऱ्यात एका दुकानात गेलो तर एका हीटरचे १,८०० सांगितले, तोच नंबर सांगलीत ६५० ला मिळतो. सरळ लूट. अडल्यामुळं घेतले, तुम्ही चार हीटर खालूनच सोबत न्या. जुने काढताना घाई अजिबात नको, कार्बननं धरलेले असतात, टोक तुटून हेडमध्ये राहिलं तर हेडच काढावं लागतं.

स्टार्टिंग स्प्रे (इंजिन चालू करायला हवेच्या वाटेत मारतात तो ईथरचा फवारा) हीटरच्या इंजिनला कधीच मारू नका. गरम हीटरवर तो नको तेव्हा पेटतो, पिस्टन-रिंग फुटतात.

नवीन हीटर बसवले, सगळे लिव्हर न्यूट्रलला, ऑक्झिलरी हायड्रोलिक (जादा अवजारांची ऑइल लाइन) बंद (नाहीतर थंड घट्ट ऑइलचा सगळा लोड इंजिनवर येतो), वीस सेकंद हीट दिला आणि पहिल्या सेलला चालू. काय आवाज वाटला तो! चालू झाल्यावर पाच-दहा मिनिटं मंद ठेवा, लगेच बकेट उचलू नका. इंजिन ऑइल २० डब्ल्यू ५० असेल तर थंडीत त्यापेक्षा पातळ राहणारं १५ डब्ल्यू ४० टाकूनच वर जा.

पुढं सपाटीकरणाचं काम सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त हा भाग २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, तेव्हा मालकाकडं परवानगीचा कागद आहे का ते बकेट मातीला लावायच्या आधी बघा.

आणि गाडीवाल्याशी हॉल्टिंगचा तासाचा रेट सांगलीतच ठरवा, वर दुपारी उन्हात पोचा, आणि लोडर त्याच दिवशी खाली उतरवून गाडी मोकळी करा.