असला औदुंबर

गेल्या आठवड्यात घोटा मुरगळला म्हणून भर दुपारी खडेमिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसले होते आणि काही कारण नसताना तोंडून ओळ निघाली, ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’. घरात ऐकायला कोणी नव्हते, हे एका परीने बरेच झाले.

बालकवींची ही कविता अवघ्या आठ ओळींची. शाळेत ती पाठ व्हायला वेळ लागला नाही, पण बाईंनी तिचे चित्र काढून आणायला सांगितले आणि माझी पंचाईत झाली. कवितेत हिरवाळी, हिरवी गर्दी आणि वर हिरवी कुरणे. इकडे माझ्या रंगपेटीतल्या हिरव्या वडीला मधोमध भोक पडलेले. निळासावळा झरा कसाबसा जमला, पांढरी पायवाट कागद कोरा सोडून साधली; परंतु झाडाचे पाय कसे काढायचे? आजोळी दत्ताच्या देवळामागे उंबर होता, त्याला पार होता, पाय नव्हते. शेवटी विहिरीच्या पायरीवर बसून पाण्यात पाय हलवणारा मामा आठवला आणि मी झाडाला चांगले दोन गुडघे व पोटऱ्या काढल्या. वर्ग पोट धरून हसला. बाईंनी त्यांवर लाल शाईने मुळे काढून दाखवली. मला अजूनही माझेच चित्र बरोबर वाटते. कवीने पायच म्हटले आहे.

त्यातल्या ‘असला’ या शब्दावर माझा विशेष लोभ आहे. आमच्या घरी हा शब्द नेहमी वैतागाच्या सोबतीने यायचा : असला भात, असले अक्षर, असली ही मुलगी. तोच शब्द बालकवींनी शेजाऱ्याला हात लांब करून काही दाखवावे तसा वापरला, आणि असला म्हणजे कसला, हे विचारेपर्यंत कविता संपलेली असते.

गाइडने मात्र सगळे सांगूनच टाकले होते. पायवाट म्हणजे जीवन, काळा डोह म्हणजे मृत्यू आणि औदुंबर म्हणजे विरक्त योगी. परीक्षेत मी ते इमानेइतबारे उतरवले, गुण पदरात पाडून घेतले आणि त्या गाइडवर कायमचा राग धरला. झाड पाण्यात पाय सोडून सुखाने बसले आहे, त्याला दीक्षा कशाला देता?

५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. हे मला कळले ते कविता पाठ झाल्यानंतर पुष्कळ वर्षांनी. पुढे एकदा मे महिन्यातच जळगावहून भुसावळला जाताना भादली आले आणि गेले. आमची गाडी तेथे थांबणारी नव्हती. खिडकीतून केळीच्या बागा दिसल्या आणि रुळांच्या कडेने गेलेली एक पायवाट. कविता लिहिताना कवीला पुढचे काही ठाऊक नव्हते, तेव्हा ते मरण मागाहून तिच्यात कोंबणे हा शुद्ध अन्याय आहे, असे मी स्वतःला बजावत राहिले. तरीही ‘हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे’ ही ओळ मनात आली, आणि इतकी वर्षे म्हणूनही कधी ध्यानात आले नव्हते ते तेव्हा आले : त्या वाटेवर माणूस कोणीच नाही.