मामाच्या सायकलचा एक्सल

सिंहगडाच्या चढावर खालच्या गिअरला जोर दिला की उजव्या पायाखाली ‘कट्’ असा आवाज यायचा. क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, दर फेऱ्याला एकदा. आधी वाटलं पायडल, म्हणून पायडल बदललं. मग वाटलं सीटपोस्ट, म्हणून ती काढून ग्रीस लावून पुन्हा बसवली. शेवटी सायकल भिंतीला टेकवली, डावा क्रँक धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवला, तेव्हा बोटांना प्ले स्पष्ट लागला. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही क्रँक जोडणारा एक्सल आणि त्याचं बेअरिंग, गेला होता.

सायकल मामाची. १९९१ साली तो विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनला शिकत होता, तेव्हा घेतलेली ट्रेक कंपनीची माउंटन बाइक. ट्रेकचा कारखाना तिथून जवळच, वॉटर्लू नावाच्या छोट्या गावात. स्टीलची फ्रेम, नळ्या लग नावाच्या जोडांमध्ये घालून ब्रेझिंग केलेल्या, पुढे तीन चेनव्हील, मागे सात. परत येताना त्याने ती खोक्यात भरून पुण्याला आणली आणि गुडघे दुखायला लागल्यावर मला दिली. ती भंगारात जाऊ द्यायची नाही, एवढं मी ठरवलेलं होतं.

पहिली चूक अशी झाली, की काहीही न मोजता मी दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “एमटीबी ना सर? मग ११३ बसतो.” त्याने ६८ × ११३चं सीलबंद कार्ट्रिज दिलं, म्हणजे एक्सल आणि बेअरिंग एकत्रच. पहिला आकडा शेलच्या रुंदीचा, दुसरा एक्सलच्या लांबीचा. घरी येऊन फ्रेमचा शेल, म्हणजे बॉटम ब्रॅकेट बसतो ती आडवी नळी, मोजला तर ७३ मिलिमीटर. ते बदलून ७३ × ११३ आणलं. बसलं छान, पण उजवा क्रँक आवळल्यावर मोठं चेनव्हील थेट चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला, टेकलं. अर्धा फेरा फिरवला तेवढ्यात रंगावर चरा उमटला. तो चरा अजून आहे.

त्या मुलाचा अंदाज नव्या सायकलींपुरता बरोबर होता. नव्वदीच्या मध्यापासून क्रँकचा आकार बदलला, एक्सल आखूड झाले आणि ११३ सर्रास दिसायला लागला. त्याआधीच्या क्रँकना लांब एक्सल लागतो. म्हणजे चौकोनी टोकाच्या एक्सलवर बसणारा क्रँक किती बाहेर राहील, हे त्या क्रँकवर ठरतं. सायकल कोणत्या प्रकारची, यावर ठरत नाही.

मग जुना सेट घेऊन पेठेतल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांच्या हयातीत त्यांनी कॉटर पिनवाले किती एक्सल बदलले असतील, याची गणती नाही. खरं तर सेट बाहेर काढला होता तोही त्यांनीच. डावीकडची लॉक रिंग आणि छर्रे ज्यात धावतात तो कप सहज निघाले, पण उजवा कप तीस वर्षांत फ्रेमशी एकजीव झाला होता. मी घरी त्याच्यावर जोर लावून दमलो होतो. काकांनी एकदा बघितलं आणि विचारलं, “कुठं फिरवत होता?” मी दाखवलं. “दादा, उजव्या बाजूला आटे उलटे असतात. तुम्ही आवळत होता.”

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. बॉटम ब्रॅकेटला मात्र उजवी बाजू उलटी असते. कारण छर्ऱ्यांमध्ये आहे. एक्सल एका दिशेने फिरतो तेव्हा मधले छर्रे कपाला हळूहळू विरुद्ध दिशेने ढकलत राहतात. उजव्या कपाचे आटे सुलटे असतील, तर तो चालवता चालवता सुटू शकतो. इटालियन पद्धतीत दोन्हीकडे सुलटेच आटे असतात, आणि उजवा कप सैल होण्याची तक्रार तिथे जुनीच आहे.

काकांनी आदल्या रात्री आट्यांवर तेल सोडून ठेवलं. मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून रविवारी ३६चा जाड पाना शोधून आणला. पाना कपाच्या कडांवरून घसरू नये म्हणून काकांनी शेलच्या आरपार लांब बोल्ट घातला, मोठे वॉशर लावून पाना कपावर दाबून धरला आणि पान्यावर पाइप चढवला. दोघांनी मिळून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ओढलं. आधी काहीच नाही. मग एक कोरडा आवाज, आणि कप सुटला.

आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छर्रे, बहुतेक डागाळलेले. पण खरा दोष एक्सलवर दिसला. रॉकेलने पुसून तो उन्हात धरला, तर छर्रे जिथे धावतात त्या चकचकीत पट्ट्यावर तीळभर लांबीचा एक खड्डा होता, नखाला अडकणारा. दर फेऱ्याला एकदा ‘कट्’ वाजत होतं ते हेच. छर्रे बदलून हे मिटणार नव्हतं, एक्सलच नवा हवा होता.

नवा घेण्याआधी आटे कोणत्या पद्धतीचे हे ठरवायचं होतं. तो प्रश्न सुटला. उजवीकडे उलटे आटे, म्हणजे इटालियन बाद आणि नेहमीचे फ्रेंचही बाद. जुन्या कपाचा बाहेरचा व्यास ३४.७ भरला. म्हणजे बीएसए ही इंग्लिश पद्धत, १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. फ्रेंच माप ३५ मिलिमीटर असतं, त्यामुळे नुसत्या व्हर्नियरवर विसंबलं असतं तर गोंधळ झाला असता. दिशा पाहिल्यामुळे वाचलो. टोकाचा निमुळता चौकोनही दोन मापांत येतो. शिमानो आणि सुगिनो या जपानी मंडळींचा जेआयएस, आणि कॅम्पाग्नोलोचा आयएसओ. आयएसओचं टोक बारीक असतं, त्यावर जपानी क्रँक काही मिलिमीटर जास्त आत जातो. माझे क्रँक शिमानोचे, त्यामुळे तो निर्णय सोपा होता.

राहिली लांबी, आणि खरा वेळ तिथेच गेला. जुना एक्सल मोजला, १२४.५. सरळ हिशेब केला असता तर जवळचं माप म्हणून १२२.५ किंवा १२७.५ यातलं एक डोळे मिटून उचललं असतं. पण काकांनी एक्सल तळहातावर आडवा धरून सांगितलं, “हा दोन्ही बाजूंनी सारखा नाही.” बघतो तर खरंच, उजवीकडचा भाग लांब. जुन्या तीन चेनव्हीलच्या सायकलींमध्ये असा एकीकडे सरकलेला एक्सल नेहमी असायचा. नवी कार्ट्रिज बहुतेक दोन्हीकडे समान असतात. म्हणून एकूण लांबी जुळवून उपयोग नव्हता. उजवं टोक शेलच्या बाहेर किती येतं, तेवढंच बघायचं होतं.

त्यासाठी तो खराब एक्सल पुन्हा बसवावा लागला. नवीन ग्रीस, जुनेच छर्रे, कप, लॉक रिंग, सगळं. एक अख्खी संध्याकाळ गेली, पण मोजमाप आधी न घेता सगळं सोडवलं होतं, तर दुसरा रस्ता नव्हता. पहिल्यांदा मी कपाच्या कडेपासून मोजलं आणि आकडे जुळेनात. कपाची कड आणि लॉक रिंग दोन्हींना जाडी असते. व्हर्नियरची दांडी शेलच्या स्टीलला टेकवली, तेव्हा उजवीकडे २७ आणि डावीकडे २४.५ मिळाले. त्यात शेलचे ७३ मिळवले की बरोबर १२४.५.

१२७.५ घेतला असता तर उजवीकडे २७.२५, म्हणजे चेनव्हील होतं तिथेच. पण डावा क्रँक पावणेतीन मिलिमीटर बाहेर गेला असता. १२२.५ घेतला तर दोन्हीकडे २४.७५. डावी बाजू जवळपास जागच्या जागी, उजवी सव्वादोन मिलिमीटर आत. जुना क्रँक चढवून मोठं चेनव्हील आणि चेनस्टे यांच्यातली फट मोजली होती, ती ६ मिलिमीटर. म्हणजे पावणेचार उरणार होती. सीट ट्यूबच्या मध्यापासून मधल्या चेनव्हीलपर्यंतचं अंतर जुन्या एक्सलवर ४९.५ येत होतं. ते ४७.२५ होणार होतं, आणि त्या काळातल्या तीन चेनव्हीलच्या सायकलींना शिमानो ४७.५ धरायचं. मागच्या सात चक्रांशी चेन अधिक सरळ राहणार होती. मग १२२.५ नक्की केला.

शिमानोचं ७३ × १२२.५चं कार्ट्रिज मागवलं. बसवायच्या आधी शेलमधले आटे रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने साफ केले, मग ग्रीस लावलं. कार्ट्रिज उजवीकडून, उलट्या आट्यांनी, आधी हातानेच निम्म्याहून जास्त आत नेलं. तिथे अडखळलं असतं तर पाना लावायचाच नाही, असं काकांनी बजावलं होतं. मग डावा कप. नंतर टॉर्क पान्याने ६० न्यूटन मीटर आणि क्रँकचे बोल्ट ४०.

फट मोजली, साडेतीनला जरा वर. पावणेचार नाही, कारण नव्या चौकोनावर क्रँक अगदी जुन्या जागी बसत नाही, थोडा इकडेतिकडे होतोच. पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, मात्र नव्याने लावावा लागला. चेनव्हील आत सरकल्यामुळे चेन मोठ्या चेनव्हीलवरून बाहेर पडत होती. बाहेरच्या मर्यादेचा स्क्रू अर्धा फेरा आवळला, मग थांबली.

पन्नासेक किलोमीटर झाल्यावर क्रँकचे बोल्ट पुन्हा तपासले. डावा किंचित फिरला. तो तसाच सोडला असता तर अल्युमिनियमच्या क्रँकचं चौकोनी भोक हळूहळू गोल झालं असतं, आणि या वयाचा जोड क्रँक शोधणं एक्सलपेक्षा अवघड आहे.

मामाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “जुना एक्सल टाकलास का?” टाकला नाही. तेलाच्या फडक्यात गुंडाळून, त्यावर ‘उजवी २७, डावी २४.५, शेल ७३’ अशी चिठ्ठी बांधून टूलबॉक्समध्ये ठेवला आहे.