पिशवीसह 53 ग्रॅम

माझ्या भाच्याला 2021 च्या फेब्रुवारीत एमडी, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थासह पकडले, तेव्हा तो व्यसनी आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते आणि कोणीही ते मोठ्याने बोलत नव्हते. मेहुणे हयात नाहीत, बहिणीने कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही, म्हणून वकीलपत्रापासून हमीदारापर्यंतची धावपळ माझ्याकडे आली. मी सराफी पेढीवर 31 वर्षे काट्यापुढे बसलेला माणूस. मारामारीच्या गुन्ह्यात होतो तसा इथेही आठवड्याभरात जामीन होईल, अशी माझी समजूत होती.

वकिलांनी ती पहिल्याच भेटीत काढून टाकली. पंचनाम्यात मालाचे वजन 53 ग्रॅम होते आणि एमडीसाठी व्यापारी मात्रेची सीमा 50 ग्रॅम आहे. ती ओलांडली की एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली किमान 10 वर्षे सक्तमजुरी आणि किमान 1 लाख रुपये दंड ठरलेला. आरोपीचे वय, पहिलाच गुन्हा, व्यसन, यांपैकी काहीही पाहून न्यायाधीशांना त्याखाली उतरता येत नाही. त्याहून जाचक 37 वे कलम. आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींची न्यायालयाला खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. म्हणजे खटल्याच्या शेवटी ठरायचे ते सुरुवातीलाच पटवून द्यायचे.

तारखांच्या दिवशी बाकावर बसून मी वकिलांकडून या कायद्याची कुळकथा ऐकत गेलो. 1985 चा मूळ कायदा याहून आंधळा होता. स्वतःच्या सेवनासाठीची अल्प मात्रा सोडली, तर हेरॉइनची पुडी असो वा पोते, किमान शिक्षा 10 वर्षेच. 1989 पासून जामिनाची ही अट लागू झाली आणि ठरावीक मात्रेच्या पुढे दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला सक्तीची फाशीही आली. त्यातली सक्ती 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. 2001 मध्ये अल्प, मधली आणि व्यापारी असे टप्पे पडले, तेव्हापासून सारे काट्यावर आले. मग भेसळीचे काय, असे मी विचारले. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंशच मोजावा असे म्हटले होते, पण 2009 च्या अधिसूचनेने ते फिरवले आणि 2020 मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने सबंध मिश्रणाचेच वजन धरायचे हे कायम केले. आमच्या धंद्यात असा हिशेब केला असता तर पेढी महिन्यात बसली असती.

विशेष न्यायालयाने जामीन फेटाळला. आरोपपत्र 180 दिवसांच्या मुदतीच्या अखेरीस आले आणि त्या रात्री मी पंचनामा ओळीने वाचला: पारदर्शक झिपलॉक पिशवी, तिच्यात नऊ लहान पुड्या, पिशवीसह वजन 53 ग्रॅम. पेढीवर डबीसकट वजन धरून कोणी बिल फाडत नाही. रिकामी डबी आधी काट्यावर ठेवून शून्य करतात. मी तशाच पिशव्या आणून आमच्या काट्यावर ठेवल्या, तर चार ग्रॅमहून थोडे अधिक भरले. हा पुरावा नव्हे, असे वकील म्हणाले खरे, पण दंडाधिकाऱ्यांसमोर झालेल्या मुद्देमालाच्या यादीची प्रमाणित प्रत त्यांनी लगेच मागवली. अर्ज दोनदा परत आला, एकदा कोर्ट फीचे तिकीट कमी म्हणून आणि एकदा सहीखाली तारीख नाही म्हणून. सात आठवड्यांनी प्रत मिळाली, तिच्यात निव्वळ वजन 48.7 ग्रॅम होते.

उच्च न्यायालयातली सुनावणी दहा मिनिटांत संपली. मात्रा प्रथमदर्शनी मधली दिसते, तेव्हा 37 व्या कलमाची अट लागत नाही, एवढेच न्यायालयाने नोंदवले. हमीदाराच्या ऐपतीचा दाखला आणि आदेशाची प्रत तुरुंगापर्यंत पोचण्यात आणखी नऊ दिवस गेले. तेरा महिन्यांनी भाचा बाहेर आला. त्याच्या बराकीत 22 किलो गांजा वाहून नेताना सापडलेला एक टेम्पोचालक होता. गांजाची सीमा 20 किलोची आहे आणि त्याच्या मालावर पिशवीचा वाद काढण्याइतकी पोती जड नव्हती.

भाच्याचा खटला अद्याप उभा राहिलेला नाही. मधल्या मात्रेला शिक्षा 10 वर्षांपर्यंत होऊ शकते, पण किमान काही नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो पोलीस ठाण्यात हजेरी लावतो आणि तिथून मी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात सोडून पेढीवर जातो.