हरवलेले शून्य आणि ६१७४

मी नववीत असताना, म्हणजे १९८५ साली, दिवाळीच्या सुट्टीआधी एका ऑफ तासाला गणिताच्या बाई वर्गावर आल्या. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा आणि येणाऱ्या उत्तरावर हेच पुन्हा पुन्हा करा, असे त्यांनी सांगितले. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येईल आणि तिथून पुढे गाडी हलणार नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च उरतात. मी माझे जन्मसाल घेतले. १९७१ चे ८५३२ झाले आणि ८५३२ मधून २३५८ गेल्यावर ६१७४. दोनच पायऱ्या!

मला मात्र बाईंना खोटे पाडायचे होते. (त्या वयात दुसरा उद्योग काय असणार?) मी मुद्दाम २१११ निवडले, फळ्यापाशी जाऊन त्यातून १११२ वजा केले, ९९९ लिहिले, मग ९९९ मधून ९९९ वजा करून शून्य आणले आणि विजयी मुद्रेने वर्गाकडे वळलो. बाईंनी माझ्या हातातला खडू घेतला आणि ९९९ च्या डावीकडे एक शून्य काढले. ‘‘घरं चार आहेत ना रे? मग हजाराचं घर कुठे हरवलंस?’’ त्यानंतर ९९९० मधून ०९९९ जाऊन ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४, अशा वजाबाक्या मलाच सगळ्यांसमोर कराव्या लागल्या.

हे का घडते, ते बाईंनी पुढच्या तासाला उकलून दाखवले आणि मला आजही तोच भाग अधिक आवडतो. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी नेहमी (अ − ड) च्या ९९९ पट अधिक (ब − क) च्या ९० पट इतकी येते. म्हणजे मूळ संख्या कोणतीही असली तरी उत्तर या दोन फरकांवरच ठरते आणि त्याला ९ ने भाग जातोच. पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याइतका, त्यामुळे एकूण ५४ च जोड्या संभवतात. हजारो संख्या तपासायची गरजच उरत नाही! त्या दिवाळीत मी सगळ्या ५४ जोड्या शंभर पानी वहीत सोडवल्या.

६१७४ च्या अंकांची बेरीज १८ होते, १८ ने भागल्यावर ३४३ म्हणजे ७ चा घन येतो, आणि १८, १८ चा वर्ग व १८ चा घन यांची बेरीजही ६१७४ च भरते. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे गोड नाव देणारे द. रा. कापरेकर यांनीच १९४९ मध्ये ६१७४ चा हा गुण शोधला. ते १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते; १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. बाई ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणाल्या होत्या; पण ज्याचे नाव स्थिरांकाला दिले आहे तो माणूस हयात असेल, आणि तोही देवळालीत, हे माझ्या डोक्यातच आले नाही. आत्याकडे आम्ही सिटी बसने देवळाली कॅम्पला कितीदा तरी जात असू. १९८६ साली ते गेले.

ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यातली शेवटची जोडी नऊ-नऊची, ९९०० वजा ००९९, आणि दोन्ही शून्ये जागच्या जागी आहेत.